विहिणीच्या पंगतीत एक फ्रेंच शब्द

आमच्या घरात फ्रेंच शब्द शिरला तो लग्नाच्या बैठकीत, शेव-मुरमुऱ्याची परात मध्ये ठेवलेली असताना.

माझ्या भाचीचं, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा इंदूरचा, तिच्याच ऑफिसातला. इथं बऱ्हाणपुरात लालबाग रोडवरचं मंगल कार्यालय घेऊन झालं होतं, आचारी ठरला होता, आणि आता राहिल्या होत्या त्या बारीकसारीक गोष्टी. खरी भांडणं त्यांच्यावरूनच होतात. दादानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "विहिणीच्या पंगतीतल्या त्या शिव्यांच्या गाण्यांचं काय करायचं?"

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न लागलं की मुलाच्या आईला, विहीणबाईंना, मानाच्या पाटावर बसवायचं. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीचा पेला, सगळा थाट. आणि एवढा मान दिल्यावर मुलीकडच्या बायकांनी मागं उभं राहून त्यांची गाण्यातून यथेच्छ टिंगल करायची. विहीणबाई किती खातात, कशा मुरडतात, येताना वाटेत कुणाकडे बघून हसल्या. आमचे हिंदीवाले शेजारी याला गारी म्हणतात आणि ठासून सांगतात की ही तुम्हा खानदेशवाल्यांची देणगी. आमचे लोक म्हणतात, छे, आम्ही सोवळे, हे तुमच्याकडूनच आलं. ताप्तीच्या या काठावर हा वाद कधीच मिटलेला नाही.

"पापा, ते थोडं रिस्के होतं ना यार," भाची म्हणाली.

"काय होतं?"

"रिस्के. म्हणजे... आत्या, तू समझा ना इनको."

भाचीची नोकरी मजेदार आहे. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर मालिका बघते आणि कुठला विनोद कितव्या वर्षापासूनच्या माणसाला चालेल याच्या चिठ्ठ्या लावते. त्या चिठ्ठ्यांवरचा हा शब्द. तिला तो वापरता येत होता, सांगता येत नव्हता. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून परातीभोवतीची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मास्तरणीला आणखी काय पाहिजे? मी पदर खोचला.

शब्द इंग्रजीत वापरतात, पण आहे फ्रेंचांचा. त्यांच्या भाषेत त्याचा सरळ अर्थ धोका पत्करलेला. ज्या घराण्यातून आपला रोजचा 'रिस्क' आला, त्याच घराण्यातला. हा 'रिस्क' मूळचा इटलीकडचा म्हणतात. कुणी सांगतं की तो खलाशांचा शब्द, समुद्रातल्या खडकांजवळून जहाज काढायचा. कुणी म्हणतं, पक्कं काही माहीत नाही. इंग्रजांकडे 'रिस्क' आधीपासून होताच. तरी दीडेकशे वर्षांपूर्वी त्यांनी फ्रेंचांकडून हा दुसरा शब्द त्याच्या डोक्यावरच्या तिरक्या रेघेसकट उचलला, आणि तो ठेवला फक्त एका कामासाठी: चारचौघांत सांगताना जिथं जरा इकडेतिकडे बघावं लागतं, त्या विनोदासाठी. घरात स्टीलचे चमचे असताना पाहुण्यांसाठी म्हणून चांदीचा काढावा तसं. आणि चावटपणा शेजाऱ्याच्या भाषेतला असला की आपण केला असं वाटत नाही, हाही फायदा. म्हणजे इंग्रज काय नि बऱ्हाणपूरकर काय, सगळे सारखेच.

"आपला 'चावट' आहेच की मग," वहिनी म्हणाली.

आहेच. जवळपास तोच. पण 'चावट' म्हटलं की सांगणाऱ्याचा स्वभाव कळतो. त्या फ्रेंच शब्दात विचारलंय ते वेगळंच. घाणेरड्या बोलण्यात धोका नसतो, तिथं माणूस खड्ड्यात पडलेलाच असतो. भजनातही धोका नसतो. धोका असतो तो मधल्या जागेत, जिथं समोरचा हसेल की ताटावरून उठेल हे बोलून टाकल्याशिवाय कळत नाही.

"बघ!" दादा मांडीवर थाप मारून म्हणाला. "धोका! मी तेच म्हणतोय. भजनं म्हणा."

मला इतका राग आला! माझंच व्याख्यान माझ्याच गळ्यात. पण दादाचा मुद्दा मला कळत होता, आणि तो हलका नव्हता. मुलाचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. विहीणबाई विधवा. आमच्याकडे अशा बाईला त्या पाटावर बसवतच नाहीत. तिच्या जागी जाऊबाईला बसवतात आणि ती बिचारी मागच्या खोलीत आहेराच्या साड्या मोजत बसते. विहीणबाईंनीच तसा निरोप पाठवला होता, "माझ्या जाऊबाई बसतील." त्यावर आमची भाची उसळली होती. "बसतील तर त्याच. नाहीतर पंगतच नको." दादा तिचा बाप. पोरीचा हट्ट त्यानं ऐकला आणि भाऊबंदांची तोंडंही बंद केली, हे मी त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"पाटावर बसवतोय, मानानं बसवतोय," तो म्हणाला. "पण त्यांच्या पदरावरून, नजरेवरून गाणी? त्या माउलीच्या? शोभतं का आपल्याला?"

मी भाचीकडे पाहिलं. मला वाटलं ही पुन्हा उसळेल. ती मुरमुरे निवडत होती.

नंतर गच्चीवर कपडे काढताना मी तिला धरलंच. "का गं, आता कुठं गेली तुझी जीभ?"

"आत्या, तू समजून घे ना." ती माझ्या हातातला टॉवेल घेऊन उगाच घड्या घालत राहिली. "त्या माझ्याशी वाईट नाही वागत. पण हसत नाहीत. कभी नहीं. साडी दाखवली, 'छान आहे'. जेवायला वाढलं, 'पुरे'. मला तर समजतच नाही की त्यांना मी पसंत आहे की नाही. इंदूरला आम्ही तिघंच असणार, टू बीएचकेमध्ये. तुम्ही सगळे गाणी म्हणून घरी जाल. एक गाणं चुकलं ना, तर रोज सकाळी त्या चेहऱ्यासमोर चहा मला प्यायचाय."

खरंच होतं. आम्ही हसून मोकळे होणार आणि किंमत मोजणार ही पोर.

आता प्रश्न उरला काकूला कोण सांगणार हा. दादा म्हणाला, "तू सांग. तुझं ऐकते ती." ती कुणाचंच ऐकत नाही, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की दादाला मी आठवते.

काकू जसोंडीला राहते. आमच्या चुलत्यांची बायको, पाऊणशे वयाची, केळीच्या बागेला लागून घर. आमच्या सगळ्या भाऊबंदकीत विहिणीच्या पंगतीला आवाज तिचाच. तिचं गाणं पाठ नसतं, ती ते तिथंच जुळवते. आणि तिची एक रीत आहे. आधी एक साधं गाणं टाकते, खाण्यापिण्याचं. ते म्हणताना डोळे विहिणीच्या हातावर. घास घेता घेता हात थबकला आणि तोंड हसलं, की पुढचं जरा तिखट. हात भराभर चालायला लागला, म्हणजे बाई कानकोंडी झाली, की काकू तिथल्या तिथं सूर वळवून गणपतीवर जाते, आणि कुणाला कळतही नाही की काही वळलं. तिच्या गाण्यावरून विहीण रुसून उठल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी आडवळणानं सुरुवात केली, ती म्हणाली, "माय वो, सरळ बोल. काय म्हणतो तुझा भाऊ?"

मी सांगितलं. भजनं म्हणायची.

लसणाची पाकळी तिनं सुपात टाकली आणि हात पुसले. "तिले पाटावर बसवता ना?"

"हो."

"मग ताटात सगळं वाढून मीठ काहून काढून घेता?"

"अगं काकू, बाई विधवा आहे. पोरीला त्यांच्याजवळ आयुष्य काढायचंय. काही वेडंवाकडं झालं तर?"

तिनं सुपातली टरफलं फुंकून उडवली. मग म्हणाली, "पोरीचं म्हणशील तर खरं हाय. भोगायचं तिले. म्हणीन भजन." आणि परत लसूण सोलायला लागली. पण चेहरा उतरला होता तिचा, मला बघवेना. मी येताना तिनं केळीचा घड दिला, नेहमीसारखं "पुन्हा ये" मात्र म्हटलं नाही. गाडीला किक मारताना मी दादाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांचं एक अख्खं गाणं झालं असतं.

लग्न झकास लागलं. अक्षता कमी पडल्या नाहीत, पाहुणे वेळेवर आले, भटजींचा माइक एकदाच कुईं करून बंद पडला. आणि मग पंगत बसली. विहीणबाई मधल्या पाटावर, फिकट मोतिया रंगाच्या साडीत, पाठ ताठ. त्यांच्या उजव्या हाताला त्यांच्या जाऊबाई, ठसठशीत कुंकू, हिरवा शालू, हसऱ्या. नवरा-नवरी समोरच्या पाटांवर. आम्ही बायका मागं. दादा दाराशी, हात मागं बांधून.

काकूनं भजन सुरू केलं. सुरेल म्हटलं, पण कुणाचं लक्ष होतं त्यात? बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बायकांच्या घोळक्याला असं भजनावर बसवणं म्हणजे भूक लागलेल्या पोरांना श्लोक म्हणायला लावणं. शेवटी माझ्या एका चुलत बहिणीला राहवलं नाही. तिनं भजन संपता संपता जाऊबाईंवर एक कडवं सोडलं, दराब्याच्या मिठाईची वाटी पदराआड लपवल्याचं. सगळ्या खदखदल्या. जाऊबाई लाजून लाल. मग त्यांच्या पलीकडच्या मामीवर एक झालं. मग डावीकडच्या आत्येसासूवर. त्या म्हाताऱ्या, बोळक्या तोंडानं इतक्या हसल्या की ठसका लागला. दादानं दारातून डोळे वटारले, पण बघतंय कोण?

मी विहीणबाईंकडे बघत होते. पहिल्या कडव्याला त्या हसल्या. अगदी थोडं, ओठांच्या कोपऱ्यात, पण हसल्या, मी पाहिलं. मग गाणं मामीकडे गेलं तेव्हाही त्यांनी मान वळवून ऐकलं. मग ते परत येताना त्यांना ओलांडून पलीकडे गेलं. वाढप्यानं पंगतीतलं एकच पान सोडून पुढं जावं, तसं. इकडच्या हसल्या, तिकडच्या हसल्या, आणि मध्ये त्या. ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू कुठं ठेवावं हे त्यांना कळेना, मग त्यांनी ते पुसून टाकलं आणि वरणभात कालवायला लागल्या. कुणी वाईट वागलं नव्हतं हो! सगळ्यांनी त्यांना मानच दिला होता.

काकूनंही ते पाहिलं. ती गायची थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, दादाकडे तर नाहीच. तिनं सरळ समोर नवरीकडे पाहिलं. तोंडानं काही नाही, नुसत्या भुवया वर. म्हणू का?

भाचीला कळलं. तिच्या मुंडावळ्या हलल्या. तिनं सासूबाईंच्या त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला आत्ता तिचा तो इंदूरचा चहा दिसत होता, रोज सकाळचा. मग तिनं डोळे गच्च मिटले, इंजेक्शन घेताना लहानपणी मिटायची तसे, आणि मान डोलावली.

काकूनं साध्या गाण्यानं सुरुवात केलीच नाही. तिची रीत तिनं त्या दिवशी मोडली. एकदम टिपेचा सूर लावला:

"विहीणबाई, विहीणबाई, उशीर कुठं केला?
केळीच्या बागेत पदर कुणी धरला?
पदर नाही धरला, बाई, काट्यात अडकला!
केळीच्या बागेत, बाई, काटा कुठून आला?"

कुणी हसलं नाही. एकही बाई हसली नाही. केळीला काटा नसतो हे बऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही कळतं, आणि गाणं काय म्हणतंय हेही सगळ्यांना कळलं होतं. विधवेचा पदर! दादाचा हात दाराच्या चौकटीवर गेला. जाऊबाईंनी घास ताटात परत ठेवला. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन होता तिथंच उभा राहिला. मी मनात म्हटलं, मेलो. संपलं. गेलं पोरीचं सुख.

विहीणबाईंचा हात थबकला होता. मान खालीच. त्यांनी बोटांना लागलेला भात निगुतीनं ताटाच्या कडेला पुसला. पाण्याचा घोट घेतला. आणि मान वर न करता, खालच्या आवाजात, पण काकूचाच सूर धरून त्या गायल्या:

"काटा कुठून आला ते व्याह्यांना विचारा,
तेच होते बागेत, बाई, करत होते पहारा!"

क्षणभर कुणाला उमगलंच नाही. व्याही म्हणजे आमचा दादा! दारात हात मागं बांधून पहारा करत उभा राहिलेला आमचा दादा! आणि मग जो हशा उठला, बापरे बाप! आत्येसासूंना पुन्हा ठसका, वहिनी खांबाला धरून खाली बसलेली, वाढप्याच्या ताटातून जिलेब्या घरंगळतायत. दादा तर कानापर्यंत लाल. "अहो, मी... अहो..." एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. त्याला असं सापडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मला झालेला आनंद मी इथं लपवणार नाही.

नंतर कळलं, विहीणबाईंचं माहेर इथलंच, जवळच्या इच्छापूरकडचं. ही गाणी त्यांनी परकराच्या वयापासून ऐकलेली आणि म्हटलेली. इंदूर, नोकरी, फिकट साड्या, हे सगळं नंतरचं. त्या आता उघड हसत होत्या, तोंडावर हात न घेता, खांदे हलेपर्यंत. भाची तोंड उघडं टाकून बघत होती. तिनं हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. तिच्या नवऱ्यानंही बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा, कारण तोही घास विसरून आईकडेच बघत राहिला होता.

आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

म्हणजे डोळे पाणावले वगैरे नाही. सरळ रडायला लागल्या, हुंदके देऊन. हशा एकेक करून विझला. जाऊबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दादा दोन पावलं पुढं आला आणि हात जोडून उभा राहिला. "ताई, चुकलं आमचं. माफ करा, आमच्या काकूच्या वयाकडे बघून..." भाची पाटावरून अर्धी उठली होती, रंग उडालेला. काकू भिंतीला टेकून उभी.

विहीणबाईंनी डावा हात वर करून दादाला थांबवलं. पदरानं डोळे पुसले. परत भरून आले, परत पुसले.

"हे गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "सगळे माझ्याशी देवळात बोलल्यासारखं बोलतात. हळू, जपून. सख्ख्या बहिणीसुद्धा. माझ्यापाशी आल्या की हसणं बंद करतात. मला वाटलं होतं, आता हे असंच चालायचं."

बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, आम्हा बायकांच्या घोळक्यात काकूला शोधलं, आणि नाक ओढत जरा रागानंच म्हणाल्या, "थांबलात कशाला? मी रडतेय, बहिरी नाही झाले. म्हणा पुढचं."